बाराव्या दिवसाआधीचं नाव

मुलांनो,

गेल्या रविवारी तुम्ही घरच्या ग्रुपवर एक पान टाकलंत. धाकटीला ते जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या आपल्या जुन्या रस्त्याचे फोटो शोधताना सापडलं म्हणे. अमेरिकेतल्या एका बाईने आपल्या मुलाची दर आठवड्याची पत्रं इंटरनेटवर लावून ठेवली आहेत. त्यातल्या एका पत्रात साडी नेसणारी एक भारतीय आजी आहे, आणि ती मी आहे हे तुम्ही बरोबर ओळखलंत. खाली तुम्ही हसरे चेहरे टाकलेत. मग थोरल्याने विचारलं की पत्रात एका ठिकाणी नावाऐवजी नुसती टिंबं आहेत, तर ते नाव काय होतं. दुपारपर्यंत ग्रुपवरच्या निम्म्या लोकांनी तेच विचारलं. काहींनी अंदाज बांधले. एकीने तर तीन नावं सुचवून त्यांतलं कोणतं असेल यावर मतं मागवली.

मला राग आला. चार दिवस थांबून पाहिलं, गेला नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा तुमची आई हे वाचून दाखवील. वाचताना ती कुठे थांबली तर तिला घाई करू नका.

२००६ सालच्या उन्हाळ्यात जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक होऊन गेला होता. मी ऑगस्टअखेरीला आले तेव्हा काही बाल्कन्यांवर झेंडे अजून लटकत होते. तुमच्या आजोबांना जाऊन दहा महिने झाले होते. तुमचा बाबा म्हणाला, आई, तीन महिने ये, तेवढाच बदल. व्हिसा नव्वद दिवसांचा. तो सकाळी साडेसहाला कारखान्यात जायचा, तुमची आई डॉइचकुर्सला म्हणजे जर्मनच्या वर्गाला, थोरला शाळेत, धाकटी किंडरगार्टनमध्ये. मी पहिल्या आठवड्यात तुमच्या स्वयंपाकघरातले सगळे खण लावले आणि दुसऱ्या आठवड्यात ते परत लावले. तुमच्या आईला दोन्ही वेळा पोळपाट सापडला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या आठवड्यात मी कचरा टाकायला खाली गेले आणि मागे दार लागलं. तिथली दारं बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत हे मला अनेकदा सांगून झालं होतं. किल्ली वर हुकाला. हातात रिकामी बादली, पायात घरातल्या सपाता, अशी मी खालच्या होफमध्ये, इमारतीमागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी जे बाक होतं त्यावर बसले. तेव्हा ते दोघे आले. काळी पँट, पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी. दोघेही जेमतेम विशीचे. पट्टीवर नावाआधी इंग्रजीत ‘एल्डर’ लिहिलेलं. मी विचारलं, तुमच्यात वडीलधारं कोण? उंच मुलगा गंभीरपणे म्हणाला, आम्ही दोघेही. दहा महिन्यांत पहिल्यांदा मला हसू आलं.

ते मॉर्मन पंथाचे मिशनरी होते, दोन वर्षांसाठी घर सोडून आलेले. तुमची आई येईपर्यंत दीड तास ते माझ्याजवळ बसले. मी त्यांना वर चहाला बोलावलं, तर ते चहा पीत नव्हते. कॉफीही नाही. मग दूध गरम करून त्यात वेलदोडा आणि जायफळ घालून दिलं, ते मात्र दोघांनी चाटून पुसून संपवलं. त्यानंतर ते दर बुधवारी येऊ लागले. घरात बाई एकटी असेल तर त्यांना आत बसायची परवानगी नव्हती, त्यामुळे तुमची आई बाहेर असली की आमची बैठक खाली बाकावर. शेजारची आजी बाटल्या टाकायला यायची आणि आम्हाला ‘मोर्गन’, सुप्रभात, म्हणून जायची.

उंच मुलगा बोलका होता. बुटका जर्मन शब्दांच्या चिठ्ठ्या खिशात घेऊन फिरायचा आणि त्या पुटपुटत बसायचा. त्यांचा आठवडा मला लवकरच पाठ झाला. साडेसहाला उठायचं, दोन तास अभ्यास करायचा, मग रात्रीपर्यंत घंट्या वाजवायच्या. बहुतेक दारं उघडतच नसत. सोमवारी सुट्टी: कपडे धुणं, बाजार, आणि इंटरनेटच्या दुकानात बसून घरी पत्र. घरी फोन वर्षातून फक्त दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. त्यामुळे आठवडाभराचं सगळं त्या एका पत्रात जायचं. उंच मुलाची आई त्याचं पत्र चाळीस जणांना पाठवायची. आजी, मावश्या, शेजारी, ती रविवारी ज्या लहान मुलांना शिकवायची त्यांचे आईबाप.

पत्राची एक प्रत तो छापून मला आणून द्यायचा आणि मी त्यातलं इंग्रजी तपासायचे. चांगली पत्रं होती ती. पावसात फाटलेला बूट, सुपरमार्केटात मीठ समजून आणलेली पिठीसाखर, एका म्हाताऱ्याने दार न उघडता आतूनच गायलेलं गाणं. मी लाल शाईने खुणा करायचे. तीस वर्षं शाळेच्या कचेरीत जनरल रजिस्टर सांभाळलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? चाळीस माणसं ते वाचतात हे मला माहीत होतं. पुढचं ऐकताना हे विसरू नका. मी स्वतःच विसरले, आणि त्याबद्दल मला जितका माझा राग येतो तितका त्या मुलाचाही येत नाही.

धर्म बदलायचा माझा विचार नव्हता, कोणी तसं समजू नये. मी मिशनच्या शाळेत शिकले. बायबलातलं मला त्या दोघांपेक्षा जास्त पाठ होतं. तो शिकवायचा, मी अडवायचे, तो पुस्तकात शोधायचा. शेवटी तो विचारायचा, तुम्ही यावर प्रार्थना कराल का? मी म्हणायचे, बघू. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही. त्याच्याकडे तसं नसावं, कारण तो दर वेळी खूश होऊन जायचा.

एका बुधवारी त्याने एक तक्ता आणला. कुटुंबं कायमची असतात, मरणानेही सुटत नाहीत, अशी त्यांची शिकवण. म्हणून ते पूर्वजांची नावं जमवतात. तक्त्यावर नवरा, बायको, दोघांचे आईवडील, आणि खाली मुलांसाठी क्रमांक घातलेले रकाने होते. तुमचा बाबा असता तर त्याने तो कागद परत केला असता. मी केला नाही, त्याचं कारण सांगते. वर्षापूर्वी आजोबांच्या अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो होतो. तिथल्या आमच्या उपाध्यांनी गाव आणि आडनाव विचारलं, लाल बांधणीचा चोपडा उघडला आणि त्यात आजोबांच्या आजोबांची मोडीतली सही दाखवली. त्या चोपड्यात आम्हीही नावं लिहिली. तो चोपडा घराण्याबाहेरच्या कोणाला दाखवत नाहीत. उपाध्ये नावं जपतात, ती गावभर वाचून दाखवत नाहीत. मला वाटलं, हे दोघे त्यातलेच. प्रत्येक धर्मात कोणीतरी चोपडा ठेवत असणार. ही माझी चूक.

मी इंग्रजी मोठ्या अक्षरांत सगळं भरलं. मुलांच्या पहिल्या रकान्यात तुमच्या बाबाचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. जनरल रजिस्टरमध्ये क्रम चुकवणं म्हणजे खोटी नोंद. तीस वर्षं मी कोणाला ती करू दिली नव्हती. मी त्या मुलाकडे दुसरा कागद मागितला. तुमच्या बाबाला दुसऱ्या रकान्यात घातलं आणि पहिला रिकामा सोडला.

तुमच्या बाबाच्या दोन वर्षं आधी मला एक मुलगी झाली होती. ती नवव्या दिवशी गेली. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं, म्हणून तिला नाव नव्हतं. आपल्यात इतक्या लहान बाळाचं काही करत नाहीत. श्राद्ध नाही, सुतकही धड नाही. पुरतात आणि घरी येतात. सासूबाई म्हणाल्या, आता याचा उच्चार करायचा नाही, पुढचं पोर राहत नाही अशाने. कोणी केला नाही. तुमच्या आजोबांनीही नाही, मरेपर्यंत. मी सातव्या महिन्यातच एक नाव ठरवून ठेवलं होतं. बारशाच्या दिवशी सांगू म्हणून गप्प राहिले होते. एवढ्या वर्षांत एकदाही त्यांनी विचारलं नाही की तू काय नाव ठेवणार होतीस. ते चांगले होते, हे तुम्हाला सगळे सांगतात, आणि खरंच आहे. पण याचा राग मला त्यांच्यावर आहे आणि ते गेले म्हणून तो कमी झालेला नाही.

मुलगी होती, नवव्या दिवशी गेली, एवढंच मी त्या मुलाला म्हटलं. त्याने रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हिचं नाव काय होतं?”

मी लिहिलं. मला तो प्रश्न कोणी पहिल्यांदाच विचारला होता.

मग तो म्हणाला की आठ वर्षांच्या आत गेलेल्या मुलांना काहीच करावं लागत नाही, ती सरळ देवाकडे असतात. तिथे आईला आपलं मूल वाढवायला मिळतं. मी विचारलं, तोवर तिला तिथे कोण बघतं? त्याने पुस्तक चाळलं आणि म्हणाला, मला माहीत नाही. त्या उत्तरामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसला. बाड हॉम्बुर्गच्या पुढे त्यांचं मंदिर आहे, कुटुंबं तिथे कायमची जोडतात, असंही तो म्हणाला होता. त्या संध्याकाळी मी तुमच्या बाबाला विचारलं, बाड हॉम्बुर्ग किती लांब? तो म्हणाला, फ्रँकफर्टला एस-बान, लोकल गाडी, बदलून तासभर, का गं? मी म्हटलं, सहज. तीन बुधवार मी त्या तासभराचा विचार करत होते. हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही मला उगाच खंबीर समजाल.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो एक मोठा लिफाफा घेऊन आला. तुमची आई त्या दिवशी घरी होती, तुम्हीही. म्हणून ते वर आले. लिफाफा त्याच्या आईकडून आला होता आणि तो इतका आनंदात होता की त्याला बसवेना. तुमच्या आईने लिफाफा माझ्याकडे देता देता उघडला. आत कार्डं होती. त्याच्या आईच्या रविवारच्या वर्गातल्या मुलांनी रंगीत खडूंनी काढलेली. ढग, पिवळ्या केसांच्या पंखवाल्या मुली, आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत ते नाव. माझ्याखेरीज कोणीही न ऐकलेलं नाव, बारा-तेरा पोरांच्या अक्षरांत.

तुमची आई म्हणाली, “अहो आई, ही कोण?”

“माझी मुलगी,” मी म्हटलं.

तिने कार्डं पालथी केली आणि टेबलावर ठेवली. तिच्यावर मी खणांवरून आणि भातात किती पाणी घालावं यावरून जे काही बोलले असेन, ते सगळं मी त्या क्षणी मागे घेतलं.

त्या मुलाला मी विचारलं, तू हे कोणाकोणाला सांगितलंस? तो म्हणाला, सगळ्यांना, सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करताहेत. त्या आठवड्याची प्रत त्याने मला आणून दिली नव्हती. ती त्याला माझ्यासाठी गंमत म्हणून राखून ठेवायची होती. ती आता त्याने काढली. त्यात मी एक एकाकी वृद्धा होते, घरातले सगळे कामात असणारी, हृदय हळूहळू मऊ होत चाललेली. आणि तिचं नाव दोनदा.

“मी तुला सांगितलं होतं,” मी म्हटलं. “तुझ्या आईला नाही.”

“पण ती माझी आई आहे,” तो म्हणाला. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

मी टेलिफोन उचलून त्याच्यापुढे धरला. जर्मनीत चार वाजले होते, त्याच्या घरी अमेरिकेत सकाळचे आठ. म्हटलं, आत्ता फोन कर, तिला सांग नाव काढून टाक आणि ज्यांना पाठवलंस त्यांनाही काढायला सांग. तो पांढरा पडला. म्हणाला, फोनची परवानगी नाही, नाताळलाच करता येतो. सोमवारी पत्रात लिहीन. मी म्हटलं, आज बुधवार आहे. तो रडायला लागला, पण रिसीव्हरला हात लावेना. तेव्हा बुटका, जो दोन महिन्यांत माझ्याशी चार वाक्यं बोलला नव्हता, हळूच म्हणाला, “कर की फोन. मी कोणाला सांगणार नाही.”

त्या दोघांतल्या कोणाला नाव सांगायला हवं होतं ते मला तेव्हा कळलं.

उंच मुलाने फोन केला नाही. नियम मोडला असता तर देवाचं काय बिघडलं असतं ते मला आजही समजलेलं नाही. माझ्या मुलीचं नाव लोकांत वाटायला त्याला कुठला नियम आडवा आला नव्हता. मी त्या दोघांना जायला सांगितलं. पायपुसण्यापाशी बुटक्याने वळून नमस्कार केला, दोन हात जोडून. त्याला तो कोणी शिकवला होता कोण जाणे.

तुमचा बाबा पाचला घरी आला. कार्डं तोवर तुमच्या आईने आत ठेवली होती, पण धाकटीने दारातच त्याला सांगितलं, आजी हाट आइन बेबी, आजीला बाळ आहे. तो हसला. मग माझ्याकडे पाहून त्याचं हसू गेलं. मी नऊ दिवसांचं सगळं सांगितलं, नाव सोडून.

“मला ताई होती,” तो म्हणाला.

“नऊ दिवस.”

“आणि हे तू त्या पोराला सांगितलंस. मला अडतीस वर्षांत नाही.”

“त्याने विचारलं.”

“आल्झो, म्हणजे मी काय विचारायचं होतं? आई, माझ्याआधी कोणी मेलं होतं का? असं कोण विचारतं आईला?”

त्याचं बरोबर होतं, पण मी इतकी रागावलेली होते की मला ते कबूल करता आलं नाही. त्याने नाव विचारलं. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, अमेरिकेत चाळीस जणांना माहीत आहे, एकेचाळिसावा मी चालेन की. हा टोमणा मला लागला. लागावा म्हणूनच त्याने मारला होता. तरी मी सांगितलं नाही. त्या घरात ते नाव पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं जाईल ते भांडणात, हे मला नको होतं. शांत वेळी सांगू असं ठरवलं. पुढे शांत वेळा पुष्कळ आल्या, आणि प्रत्येक वेळी आता विषय कशाला काढायचा असं वाटून मी गप्प राहिले. म्हणजे जे तुमच्या आजोबांनी केलं, तेच मी केलं.

दुसऱ्या दिवशी मी कार्डं फाडली आणि कागदाच्या निळ्या डब्यात टाकली. फाडताना प्रत्येक वेळी नावाच्या बाजूने फाडलं, नावातून नाही. पुढच्या बुधवारी तो मुलगा एकदाच खाली आला. मी बाल्कनीतून पाहिलं आणि गेले नाही. तो तक्ता पाकिटात घालून पत्रपेटीत टाकून गेला, सोबत चिठ्ठी: आईने नाव काढलंय, ज्यांना पाठवलं त्यांनाही कळवलंय, मला क्षमा करा. बुधवार ते सोमवार मी त्या घरात कसे काढले ते मी सांगणार नाही. क्षमा मी केली नाही. आता तो चाळिशीचा असेल, कदाचित मुलाबाळांचा. त्याचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण क्षमा मागितली की ती मिळालीच पाहिजे असं त्याला कोणीतरी शिकवलं होतं, आणि ते मी शिकवलेलं नव्हतं. नोव्हेंबरअखेर माझे नव्वद दिवस संपले.

आता तुमच्याबद्दल. त्या मुलाने एका म्हातारीचं दुःख चाळीस जणांना पाठवलं आणि त्याला वाटलं आपण चांगलं करतोय. तुम्ही तेच पत्र ग्रुपवर टाकलंत आणि तुम्हाला वाटलं गंमत आहे. तो एकोणीस वर्षांचा होता आणि त्याला आपली माणसं माहीत नव्हती. तुम्हाला ती सबब नाही. ते पान ग्रुपवरून काढा. अंदाज बांधणं बंद करा. त्या तीनही नावांतलं ते नाही. मला फोन करून ‘सॉरी आजी’ म्हणू नका, तुमच्या बाबाला करा, कारण रविवारपासून तो ग्रुपवर एक अक्षर बोललेला नाही आणि ते तुमच्या लक्षात आलेलं नाही.

तो डिसेंबरात इकडे येतो आहे. त्याला मी ते नाव सांगणार आहे, समोर बसून. पुढे ते तुम्हाला सांगायचं की नाही, हे तो ठरवील. त्याची बहीण आहे.

तिचा फोटो नाही. जन्माचा दाखला कोणी काढला नाही. तिला जिथे ठेवलं त्या ओढ्याकाठी आता एका मंगल कार्यालयाचं पार्किंग आहे. तो तक्ता माझ्या लोखंडी कपाटात आहे, वरच्या खणात, पहिला रकाना भरलेला.